इशाऱ्याची पत
गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग इथल्या लहान संस्थांच्या संगणक कर्मचाऱ्यांचा जाहीरनामा

आम्ही या पट्ट्यातल्या सहकारी बँका, पतपेढ्या, शाळा, दवाखाने आणि ट्रस्टची इस्पितळं यांचे सर्व्हर सांभाळणारी माणसं आहोत. कुणाच्या नेमणूकपत्रावर ‘सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ लिहिलं आहे, कुणाच्या ‘कनिष्ठ लिपिक’. बहुतेक ठिकाणी संगणक विभाग म्हणजे एक माणूस, एक खोली आणि वर्षाच्या करारावर येणारा एक व्हेंडर. आजपासून आम्ही एक गोष्ट बंद करत आहोत. आपल्या नेटवर्कवर हल्ला झाला तर तो शेजारच्या संस्थेपासून लपवायचा, ही ती गोष्ट.

हल्ला कसा येतो ते आधी नीट पाहू. समजा, रात्रीचे पावणेतीन वाजले आहेत. एका पतपेढीच्या सर्व्हरवर परक्या पत्त्यावरून कुणीतरी रिमोट डेस्कटॉपने आत शिरायला बघतं. पासवर्ड चुकतो. अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न, पुन्हा चूक. असं चार वेळा होतं. पाचव्या चुकीला खातं बंद पडेल अशी सोय केलेली असते आणि हल्लेखोराला ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून पाचवा प्रयत्न तो करतच नाही. सकाळी दहाला आलेला कर्मचारी लॉग उघडतो. फसलेल्या लॉगिनच्या चार ओळी दिसतात. कुणीतरी साहेब पासवर्ड विसरले असतील, असं म्हणून तो पुढच्या कामाला लागतो, आणि त्याचं काही चुकलेलंही नसतं. पण त्याच पत्त्यावरून त्याच रात्री दादरच्या शाळेत चार, परळच्या दवाखान्यात चार, लालबागच्या दुसऱ्या पतपेढीत चार असे प्रयत्न झालेले असतात. चाळीस संस्थांचे लॉग शेजारीशेजारी ठेवले तर एकशेसाठ ओळी होतात आणि मग कुणालाही शंका उरत नाही. सुटा लॉग कितीही वेळ बघत बसलं तरी त्यातून हे कळणार नाही.

म्हणजे आम्हाला दिसत नाही याचं कारण आमचं अज्ञान नाही आणि साधनांचा अभावही नाही. नेटवर्कमधली घुसखोरी नोंदींवरून ओळखता येते, हा विचार डोरोथी डेनिंग यांनी १९८७ सालीच नीट मांडला. अशी घुसखोरी पकडणारं स्नॉर्ट १९९८ पासून फुकट मिळतं. सुरिकाटा आणि झीकही फुकट आहेत. जुन्या कॉम्प्युटरवरसुद्धा लहान कचेरीपुरतं काम ती भागवतात. अडचण आहे ती पुढची. चाळीस ठिकाणी चाळीस पहारेकरी आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

का बोलत नाहीत, याचं उत्तर आम्हाला आमच्याच कचेऱ्यांमधून माहीत आहे. संचालकांना ठेवीदारांच्या रांगेची धास्ती असते. २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. त्या प्रकरणाचा सायबर हल्ल्याशी संबंध नव्हता, तो कर्जांचा घोटाळा होता. पण शाखांच्या दारात रडणारी म्हातारी माणसं या शहराने पाहिली आणि तेव्हापासून ‘आमच्याकडे काहीतरी गडबड झाली’ हे वाक्य सहकारी संस्थेत कुणी मोठ्याने उच्चारत नाही. कर्मचाऱ्याला नोकरीची भीती असते, व्हेंडरला करार हातचा जाण्याची. प्रत्येकाचं गप्प बसणं त्याच्यापुरतं शहाणपणाचं असतं. हल्लेखोर जगतो तो नेमका या शहाणपणावर.

हे या शहरात पहिल्यांदा घडत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग सरकारने घरझडत्या सुरू केल्या, आजाऱ्याला जबरदस्तीने इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत न्यायला सुरुवात केली. परिणाम असा झाला की लोक आपला आजारी माणूस लपवू लागले. कळवणाऱ्याचं घर उठत होतं आणि लपवणाऱ्याचं निदान काही दिवस तरी वाचत होतं. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याला लस तयार केली आणि पुढे त्यांची प्रयोगशाळा परळला आली, पण लस येईपर्यंत आणि आल्यावरही रोग पसरत राहिला. त्या लोकांना भित्रे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. कळवण्याची शिक्षा आणि लपवण्याचं बक्षीस अशी रचना केली तर माणसं लपवणारच. आम्हाला ही रचना उलटी करायची आहे.

ती न उलटवल्याने काय होतं, हे गेल्या दहा वर्षांनी दाखवलं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरच्या खोट्या संदेशांनी गेले. जुलैत तोच मार्ग नरिमन पॉइंटला मुख्यालय असलेल्या युनियन बँकेपर्यंत आला. सुमारे १७ कोटी डॉलर बाहेर निघाले होते. हिशेब जुळवताना ते लक्षात आलं आणि रक्कम परत मिळवता आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पाळी कुंभकोणमच्या सिटी युनियन बँकेची आली. आणि मग पुणं. कॉसमॉस ही १९०६ सालची सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी एटीएमचा व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली. मूळ यंत्रणेला विचारणा जातच नव्हती, बनावट यंत्रणा प्रत्येक मागणीला ‘हो’ म्हणत होती. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून अडीच कोटी, आणि सोमवारी स्विफ्टमार्गे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एटीएममधून अशी जगभर एकाच वेळी उचल होण्याची शक्यता आहे, असा गोपनीय इशारा दिला होता. वॉशिंग्टनमध्ये निघालेला इशारा आणि पुण्यात चालू असलेला हल्ला यांत एका दिवसाचं अंतर होतं. इशारा अस्तित्वात असणं पुरत नाही. तो योग्य माणसाच्या हातात योग्य वेळी पडावा लागतो आणि त्या माणसाचा त्यावर विश्वास बसावा लागतो.

जुलै २०२४ च्या अखेरीला लहान बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले. त्या बँकांची स्वतःची काही चूक नव्हती. आपण वेगवेगळ्या इमारतींत बसतो म्हणून वेगवेगळे आहोत, हा भ्रम तेव्हाच संपायला हवा होता. परळची इस्पितळं तर भिंतीला भिंत लावून उभी आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले तेव्हा तिथे केसपेपर हाताने लिहायची वेळ आली. केईएम किंवा टाटाच्या दारातली गर्दी ज्याने सकाळी सात वाजता पाहिली आहे, त्याला आणखी काही सांगायला नको.

मग सगळ्यांनी सगळ्यांना सगळं कळवावं, असं म्हणून आम्ही मोकळे होऊ का? नाही. तसे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले आणि आठवड्याभरात म्यूट झाले. त्यामागे साधा हिशेब आहे. समजा, एका संस्थेत दिवसाला १० लाख नोंदी होतात आणि त्यातल्या २० खरोखर घातक आहेत. आपली यंत्रणा वीसच्या वीस पकडते, पण निर्दोष नोंदींतल्या शंभरात एकीवरही बोट ठेवते. म्हणजे दिवसाला १०,००० खोटे इशारे आणि २० खरे. पाचशे वेळा धावलं तर एकदा चोर सापडणार. हा सापळा स्टेफान आक्सेलसन यांनी पंचवीस वर्षांपूर्वीच दाखवून दिला आहे. दोन स्वतंत्र संस्थांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं तरच धावायचं असं ठरवलं तर खोटे इशारे १०,००० वरून १०० वर येतात. ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. दोघांकडे एकाच व्हेंडरची एकच नियमावली असेल तर ते दोन साक्षीदार नाहीत, एकाच साक्षीदाराच्या दोन सह्या आहेत. आपल्या संस्थांमध्ये इशारे देण्याघेण्याचं जे जाळं आम्ही उभं करतो आहोत, त्यात कुणाचा इशारा कुठल्या साधनातून आला, हे म्हणूनच नोंदवलं जाईल.

आता मुख्य मुद्दा. लोक बोलतील कसे? द्यूतसिद्धान्त, म्हणजे गेम थिअरी, इथे आमच्या कामी येतो. शेजाऱ्याला इशारा द्यायचा खर्च एक गुण धरू, त्यात वेळ आली, थोडी लाजही आली. इशारा मिळाल्याचा फायदा तीन गुण. दोघांनी दिला तर प्रत्येकाच्या पदरी दोन. दोघेही गप्प, तर शून्य. मी गप्प राहून शेजाऱ्याचा घेतला तर मला तीन आणि त्याला वजा एक. एकदाच खेळायचं असेल तर गप्प बसणाराच जिंकतो, कितीही भाषणं केली तरी. पण हाच खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा असेल आणि एकदा फसवणाऱ्याला पुढे काही मिळणार नसेल, तर गणित फिरतं. पुन्हा गाठ पडण्याची शक्यता एक तृतीयांशापेक्षा जास्त असली की बोलणाऱ्याचाच फायदा होतो. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात ती शक्यता किती? शामराव विठ्ठल १९०६ पासून, एनकेजीएसबी १९१७ पासून आणि सारस्वत १९१८ पासून, या सहकारी बँका याच भागाच्या आधाराने वाढल्या. नायगावात गिरणगावच्या कामगारांनी १९४८ ला अपना बाजार उभा केला. इथल्या संस्था पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या शेजारी आहेत आणि उद्याही असणार आहेत. हे गणित जुळवण्यासाठी मुंबईत याहून चांगली जागा नाही.

रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकांमध्ये अशाच खेळाच्या स्पर्धा घेतल्या. दोन्ही वेळा अनातोल रॅपोपोर्ट यांचा सर्वांत साधा प्रोग्रॅम जिंकला. आधी सहकार्य करायचं, मग समोरचा वागेल तसं वागायचं, एवढंच तो करत होता. तो नियम आम्ही जसाच्या तसा घेत नाही. आमच्या कामात प्रामाणिक माणसाचाही इशारा चुकतो. प्रत्येक चुकीला लगेच जशास तसं उत्तर दिलं तर दोन भल्या संस्थांमध्ये महिनाभर अबोला होईल. शिवाय ज्याला आपण इशारा नाकारला तो हल्लेखोराच्या ताब्यात गेला, तर त्याच्याच सर्व्हरवरून आपल्यावर चाल होईल. म्हणून एकेका चुकीचा सूड न घेता पूर्ण वागणुकीचा हिशेब ठेवायचा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात कॅरल फंग आणि रऊफ बुताबा यांनी याच दिशेने काम केलं. २०१२ मध्ये क्वान्यान झू आणि तामेर बाशार यांच्यासह त्यांनी दाखवलं, की ज्याने जितकी मदत केली त्या प्रमाणात त्याला मदत मिळेल अशी वाटणी केली तर फुकट खाणाऱ्याला त्या जाळ्यात जागा उरत नाही.

वागणुकीच्या या हिशेबाला आम्ही पत म्हणतो आणि ती अशी मोजली जाईल. खरे ठरलेले इशारे अधिक एक, भागिले एकूण इशारे अधिक दोन. नव्या संस्थेची पत अर्धी. एकच इशारा दिला आणि तो खरा ठरला तर पत ०.६७, शंभर टक्के नाही. पन्नासातले चाळीस खरे ठरले तर ०.७९. जुन्या नोंदींचं वजन दर महिन्याला दहा टक्क्यांनी घटेल, म्हणजे वर्षापूर्वीच्या कर्तबगारीचं वजन २८ टक्क्यांवर येतं. कुणी वर्षभर सज्जनपणे वागून पत कमवायची आणि मग एका रात्री ती वापरून सगळ्यांना चुकीच्या दिशेला पाठवायचं, हा डाव जुना आहे. विसरणारी पत त्या डावाला महाग करते.

खरं-खोटं ठरवायचं कुणी? मतांवर सोडलं तर दोघे मित्र एकमेकांना वर चढवत राहतील. म्हणून फंग-बुताबा यांची युक्ती आम्ही घेतो. संस्था एकमेकींना ‘हे घातक आहे का?’ असं विचारतील, त्या खऱ्या प्रश्नांमध्ये मिसळून अधूनमधून असे प्रश्न पाठवायचे ज्यांचं उत्तर पाठवणाऱ्याला आधीच माहीत आहे. उदाहरणार्थ, महिन्याभरापूर्वी घातक ठरलेली फाइल. उत्तर देणाऱ्याला हा प्रश्न खरा की चाचणीचा हे कळत नाही, त्यामुळे प्रत्येक उत्तर नीट द्यावं लागतं. ‘मला माहीत नाही’ हे उत्तर चालेल आणि त्याने पत घटणार नाही. ठोकून दिलेल्या उत्तराने घटेल.

एकच हल्लेखोर वीस बनावट संस्था काढून आत शिरेल, ही भीती खरी आहे. जॉन डाउसर यांनी २००२ मध्येच या धोक्याकडे बोट दाखवलं. त्यावर उपाय शोधायला आम्हाला बाहेर जावं लागलं नाही. पतपेढीत कर्ज घेणाऱ्याला दोन जामीनदार आणावे लागतात, तसे इथे नव्या संस्थेला दोन जुन्या संस्था जामीन राहतील. नवी संस्था फसवी निघाली तर जामीनदारांचीही पत कापली जाईल.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा. ‘आमच्याकडे घुसखोरी झाली’ हे स्वतःहून सांगणाऱ्या संस्थेची पत वाढेल, आणि साध्या खऱ्या इशाऱ्यापेक्षा जास्त वाढेल. घुसखोरी लपवली आणि ती नंतर उघड झाली तर पत शून्य. १८९६ च्या प्लेगमध्ये जे उलटं होतं ते आम्ही सुलटं करतो आहोत. या नियमावर आम्ही तडजोड करणार नाही.

पत कशासाठी वापरली जाईल आणि कशासाठी नाही, हेही आत्ताच ठरवून टाकतो. तातडीचा धोका असेल तर इशारा सर्वांना त्याच क्षणी जाईल, शून्य पत असलेल्यालाही. पत पाहून बदलेल ती पुढची मदत : कुणाच्या लॉगची तपासणी आधी, कुणाच्या सर्व्हर रूममध्ये कोण किती वेळ जाऊन बसणार. मोठ्या बँकेला नावाच्या जोरावर जास्त पत मिळणार नाही. चार टेबलांची पतपेढी आणि शेकडो शाखांची बँक एकाच अर्ध्यापासून सुरू करतील. आपली पत किती, हे जाहिरातीत, वार्षिक अहवालात किंवा ठेवीदारांसमोर कुणी मांडायचं नाही. जो मांडेल तो बाहेर.

रात्रपाळीची नजरही वाटून घ्यायची आहे. प्रत्येकाने रोज रात्री जागणं अशक्य आहे आणि ठरावीक वारी जागणं निरुपयोगी, कारण तो वार हल्लेखोरही शिकतो. मिलिंद तांबे यांच्या चमूने २००७ पासून लॉस एंजेलिस विमानतळावर तपासण्यांची वेळ आणि जागा द्यूतसिद्धान्ताने, हिशेबी अनियमिततेने ठरवून दाखवली. कोणत्या रात्री कुणाचा लॉग पाहायचा, हे आम्हीही चिठ्ठीने काढू. ज्या संस्थेचं नुकसान जास्त होऊ शकतं तिच्या चिठ्ठ्या जास्त.

कायद्याबद्दल कुणाच्या मनात गोंधळ नको. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. बँकांना रिझर्व्ह बँकेचे नियम वेगळे आहेत. बँकांनी एकमेकांना धोके कळवावेत म्हणून हैदराबादच्या आयडीआरबीटीत २०१४ पासून आयबी-कार्ट चालू आहे. ही सगळी कर्तव्यं आधी, आम्ही नंतर. पण वरच्या कचेरीला कळवलेली माहिती खाली उतरून शेजारच्या शाळेपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि चोर तेवढा वेळ थांबत नाही. आमच्या जाळ्यात फिरेल ती एवढीच माहिती : वेळ, समोरचा आयपी पत्ता, कुठला पोर्ट, कुठला नियम जुळला, संशयित फाइलचा हॅश. खातेदाराचं नाव, फोन, खाते क्रमांक, रुग्णाचा केसपेपर यातलं एक अक्षरही जाणार नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या धाकाने आम्ही हे म्हणत नाही. ती माहिती आमची नाहीच.

संचालक मंडळांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. घुसखोरी कळवणाऱ्या कर्मचाऱ्यावर त्या कळवण्याबद्दल कारवाई होणार नाही, असा ठराव करा. लॉग संस्थेच्या मालकीचे आहेत आणि मागताक्षणी मिळतील, हे व्हेंडरच्या करारात लिहून घ्या. आज कित्येक ठिकाणी स्वतःचाच लॉग पाहायला व्हेंडरला फोन करावा लागतो, ही शरमेची गोष्ट आहे. आणि संगणक सांभाळणाऱ्या माणसाला रोज एक तास फक्त या कामासाठी द्या, ज्या तासात त्याला कुणी प्रिंटरची शाई बदलायला बोलावणार नाही.

सुरुवात लहान असेल. पहिले तीन महिने फक्त फसलेल्या लॉगिनच्या नोंदी एकत्र करायच्या. या काळात कुणाचीही पत धरली जाणार नाही, फक्त मोजणी होईल आणि मोजणीतल्या चुका सगळ्यांसमोर दुरुस्त केल्या जातील. सूत्र, वजनं आणि चाचणीची पद्धत उघडी राहील, चाचणीचे प्रश्न तेवढे झाकलेले. चौथ्या महिन्यापासून संशयित फाइलींचे हॅश येतील. यायचं असेल त्या संस्थेने संचालक मंडळाचा ठराव, लॉग पाहू शकणाऱ्या एका कर्मचाऱ्याचं नाव आणि मागच्या १८० दिवसांच्या नोंदी घेऊन यावं. पहिल्या दहा संस्था एकमेकींना जामीन राहतील.